स्रोत: गूगल

मुलांच्या प्रकल्प-प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरताना मला तक्ता खालून वर वाचायची सवय लागली आहे. ठळक अक्षरातलं शीर्षक, मधली रंगीत आकृती, निष्कर्षाची चौकट हे सगळं नंतर. आधी तळाची, जागा उरली म्हणून कशीबशी बसवलेली ओळ. तिथे बहुतेक वेळा दोनच शब्द असतात: ‘स्रोत: गूगल’. कधी ‘इंटरनेट’. कधी नुसतंच ‘यूट्यूब’. पाणी कुठून आणलंस म्हणून विचारावं आणि पोराने ‘बादलीतून’ म्हणावं, तसं.

पोरगं खोटं बोलत नसतं. त्याला ते चित्र खरोखरच गूगलवर मिळालेलं असतं. चार शब्द टाकले, चित्रांची रांग आली, त्यातलं एक आवडलं, छापलं, चिकटवलं. हे चित्र कुणीतरी बसून काढलं, त्यातले बाण सरळ केले, हृदयाच्या झडपा कुठल्या बाजूला उघडतात ते दोनदा तपासून पाहिलं, यातलं काहीही त्या रांगेत दिसत नाही. शोधयंत्र दाखवतं एवढंच. चित्र ठेवलेली जागा वेगळी असते आणि काढणारा माणूस आणखी वेगळा.

तो माणूस शोधायला गेलं की मजा सुरू होते. चित्र ज्या साइटवर आहे तिने ते दुसरीकडून घेतलेलं असतं, दुसरीने पिंटरेस्टवरून, पिंटरेस्टवरच्या कुणीतरी एका ब्लॉगवरून, आणि तो ब्लॉग बंद पडलेला. या प्रवासात चित्राच्या कडा प्रत्येक मुक्कामी थोड्या थोड्या कातरल्या जातात. एका तक्त्यावर मानवी डोळ्याची आकृती होती, हाताने रंगवलेली, सुरेख. उजव्या कोपऱ्यात एका अक्षराची फक्त वेलांटी उरली होती. चित्रकाराची सही तिथे असणार. कातरणाऱ्याने सही जावी म्हणून नव्हे, चौकट नीट बसावी म्हणून कात्री चालवली असेल. मुलीला ती वेलांटी दाखवली तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं डाग आहे.”

श्रेय देणं म्हणजे मुलांना (आणि त्यांच्या पालकांना तर फारच) कबुलीजबाब वाटतो. ‘व्हिडिओ पाहून केलं असं सांगू नकोस हं, गुण कापतील,’ हे वाक्य टेबलामागे उभ्या असलेल्या मोठ्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं आहे, तेही मी हाताच्या अंतरावर असताना. मला हे समजतही नाही आणि पटतही नाही. परीक्षकांना व्हिडिओ दिसत नाहीत असा काही समज आहे का? पुठ्ठा आणि सिरिंजचा हायड्रॉलिक, म्हणजे पाण्याच्या दाबाने हलणारा, हात कुठल्याही प्रदर्शनात निदान दोन टेबलांवर असतो. रचना तीच, सिरिंज तितक्याच, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे कोनही तेच. दोन्ही मुलांनी ते आपल्याच डोक्यातून काढलं, यावर कोण विश्वास ठेवणार?

अशा दोन टेबलांची गोष्ट सांगते. पहिल्यावर हात छान रंगवलेला, तक्त्यावर पास्कलचा नियम, तळाला काही नाही. मुलाला विचारलं, ही रचना कशी सुचली? ‘विचार करून.’ मग पाण्याऐवजी हवा भरली तर काय होईल? गप्प. तो पोरगा हुशार असेलही, पण ‘विचार करून’ म्हटल्यावर पुढचा रस्ताच बंद झाला. आता काहीही बोललं तर आधीचं उघडं पडेल, या भीतीने तो उत्तरं तोलत राहिला.

दुसऱ्या टेबलावरचा हात ओबडधोबड होता. पकड एका बाजूला कललेली, टेपचे थर दिसणारे. पण तळाला बॉलपेनने तीन ओळी होत्या: मूळ रचना कुठल्या चॅनलवरच्या कुठल्या व्हिडिओतली, कुठल्या तारखेला पाहिली, आणि ‘नळी जोडायची पद्धत माझी’. मी अर्थातच तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मुलगी खुलली. व्हिडिओत म्हटलं होतं, सिरिंजमध्ये पाणी भरा आणि नळी लावा. तिने तसं केलं तर दट्ट्या दाबल्यावर हात लगेच हलेना, आधी थोडं स्पंजसारखं दबायचं आणि मग उशिरा उचलायचा. नळीत हवेचे बुडबुडे अडकत होते. पाणी दाबलं तर जवळजवळ दबत नाही, हवा दबते, म्हणून जोर बुडबुडा दाबण्यात वाया जातो. हे तिला व्हिडिओने सांगितलं नव्हतं. तिने पातेल्यात पाणी घेतलं, सिरिंज आणि नळी दोन्ही त्यात बुडवली, बुडबुडे निघून जाईपर्यंत टिचक्या मारल्या आणि जोड पाण्याखालीच बसवला. मग एक सिरिंज मुद्दाम बुडबुड्यासह ठेवली, फरक दाखवायला. ती मला दाबून बघायला दिली.

त्या मुलीचं स्वतःचं काम पातेल्यातलं होतं, आणि ते मला दिसलं ते पहिल्या दोन ओळींमुळे. उसनं कुठवर आहे हे तिने आखून दिलं, म्हणून तिचं कुठून सुरू होतं ते कळलं. पहिल्या मुलानेही कदाचित काहीतरी बदललं असेल, एखादी पट्टी लांब केली असेल, पण सगळंच माझं म्हटल्यावर जे थोडंसं खरं त्याचं होतं तेही त्या ढिगात गेलं. गुण कापले जातील म्हणून श्रेय लपवणाऱ्या पालकांना हे कसं सांगावं मला अजून कळलेलं नाही. आपण मुलाच्या बाजूने आहोत असं त्यांना मनापासून वाटत असतं.

नियमांचं म्हणाल तर मोठ्या स्पर्धांमध्ये हे कधीचं स्पष्ट आहे. आयसेफ, म्हणजे १९५० पासून चालत आलेला शालेय विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळा, संशोधनाच्या आराखड्यातच किमान पाच प्रमुख संदर्भ मागतो. मांडणीच्या नियमांत तर प्रत्येक छायाचित्र, आलेख, तक्ता कुणाचा ते लिहिण्याची सक्ती आहे. फोटो स्वतः काढला असेल तरी ‘छायाचित्र: अमुक’ असं लिहायचं. सगळे फोटो एकाच व्यक्तीचे असतील तर ठळक अशी एकच ओळ पुरते. मला यातली आवडणारी गोष्ट अशी की स्वतःच्या फोटोखाली स्वतःचं नाव लिहावं लागतं, त्यामुळे दुसऱ्याचं नाव लिहिणं ही शिक्षा राहत नाही. प्रत्येक गोष्टीला कर्ता असतो, कधी तो आपण असतो, कधी दुसरा.

ओरिगामीवाल्यांकडे ही शिस्त फार छान मुरलेली आहे. त्यांच्या प्रदर्शनात कागदी पक्ष्याशेजारच्या पट्टीवर दोन नावं असतात: रचना कुणाची, घडी कुणी घातली. घडी घालणाऱ्याला यात कमीपणा वाटत नाही, कारण अवघड रचना नुसती दुमडायलाही तासन्‌तास लागतात आणि बघणाऱ्यांना ते ठाऊक असतं. मुळात आज आपण घड्यांच्या आकृत्या वाचतो त्या तुटक रेषा आणि बाण रूढ केले अकिरा योशिझावा यांनी, गेल्या शतकाच्या मध्याला. त्यांच्यामुळे एकाची रचना दुसऱ्याला न भेटता दुमडता यायला लागली. आणि रचना अशी हातोहात जाऊ लागली की तिचा मालक कोण हा प्रश्नही मागोमाग येतोच. २०११ मध्ये रॉबर्ट लँग आणि आणखी पाच ओरिगामीकारांनी एका चित्रकर्तीवर अमेरिकेत दावा लावला. आमच्या घड्यांचे नकाशे तिने रंगवून स्वतःची चित्रं म्हणून मांडली, असं त्यांचं म्हणणं. २०१३ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. घड्यांचा नकाशा म्हणजे कागद उलगडल्यावर दिसणाऱ्या रेषा. बघणाऱ्याला ती नुसती नक्षी वाटते, पण काढणाऱ्यासाठी त्यात महिन्यांचं गणित असतं.

मुलांच्या प्रदर्शनातही मला अशी दोन नावांची पट्टी हवी आहे. शिवणकाम, विणकाम, मातीकाम, लाकूडकाम, रोबो, सगळीकडे. ‘नमुना: अमुक. विणकाम: मी.’ किती सोपं आहे.

इथे कायद्याचा विषय निघतोच. एखादा चुणचुणीत मुलगा म्हणतो, पण कल्पनेवर कॉपीराइट नसतो ना? बरोबर आहे. सिरिंजने हात हलवायच्या कल्पनेवर कुणाचाच हक्क नाही. हक्क असतो तो ती कल्पना ज्या शब्दांत, ज्या चित्रांत मांडली त्यावर. म्हणजे व्हिडिओ पाहून हात बनवणं चालतं, पण व्हिडिओतलं निवेदन शब्दशः उतरवून तक्त्यावर ‘प्रस्तावना’ म्हणून लावणं चालत नाही. पण श्रेयाचा प्रश्न कायद्याशी संपत नाही. नासाची बहुतेक छायाचित्रं कॉपीराइटशिवाय सगळ्यांना खुली आहेत, तरी नासा म्हणते की स्रोत म्हणून आमचं नाव द्या. सूर्यमालेच्या प्रत्येक मॉडेलमागे चिकटवलेला तो पूर्ण निळ्या पृथ्वीचा फोटो ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ मधून काढलेला आहे. यानात तिघे होते: सर्नन, इव्हान्स आणि श्मिट. बटण नेमकं कुणी दाबलं याचा निवाडा करत न बसता श्रेय तिघांच्या चमूला दिलं जातं. कर्ता नेमका माहीत नसेल तर काय लिहायचं, याचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण मोठी मुलं इथे फसतात. नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. कुणाचं रेखाचित्र पुस्तिकेत छापून विकायचं असेल तर खाली चित्रकाराचं नाव टाकून भागत नाही, विचारावं लागतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने याचसाठी निघाले, २००२ च्या डिसेंबरात पहिले आले. तिथे कर्ता आधीच सांगून ठेवतो: घ्या, वापरा, फक्त नाव द्या, परवान्याची लिंक द्या आणि काही बदललं असेल तर तसं सांगा. ही शेवटची अट लोक विसरतात आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. पातेलेवाल्या मुलीने कुठलाही परवाना न वाचता नेमकं तेच केलं होतं.

आणि कर्त्याचं नाव ही गोष्ट पैशापेक्षा जुनी आणि चिवट आहे. बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ साली एक कलम घातलं गेलं: लेखकाने आपल्या कृतीचे आर्थिक हक्क विकून टाकले तरी ‘ही माझी’ म्हणायचा हक्क त्याच्याकडेच राहतो.

पण मुलांना हे कराराने कळत नाही, त्यांच्या स्वतःच्या कृतीवर वेळ आली की कळतं. याचा सगळ्यात बोलका पुरावा स्क्रॅचचा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये मुलांसाठी हे प्रोग्रॅमिंगचं व्यासपीठ खुलं केलं. दुसऱ्याचा खेळ उघडून, बदलून, आपला म्हणून पुन्हा टाकता यावा हाच त्यामागचा हेतू होता. झालं काय, तर मुलं चिडली. माझा खेळ चोरला, त्यातल्या मांजराचा नुसता रंग बदलला आणि स्वतःच्या नावावर लावला, अशा तक्रारी. मग बनवणाऱ्यांनी सोय केली: रिमिक्स केलेल्या प्रत्येक प्रकल्पावर मूळ प्रकल्पाचं आणि मूळ कर्त्याचं नाव आपोआप यायला लागलं. प्रश्न सुटायला हवा होता. पण आंद्रेस मोनरॉय-हर्नांडेझ, बेंजामिन माको हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला, त्याचा मथितार्थ असा की यंत्राने छापलेलं नाव मुलांना पुरेसं वाटत नाही. तेच नाव रिमिक्स करणाऱ्या मुलाने स्वतःच्या हाताने वर्णनात लिहिलं, तर मात्र मूळ कर्ता सुखावतो. माहिती दोन्हीकडे तीच, अक्षरंही जवळपास तीच. फरक इतकाच की एकीकडे कुणीतरी आपली आठवण ठेवली होती.

हे वाचल्यापासून क्यूआर कोडबद्दलचं माझं मत बिघडलं आहे. हल्ली तक्त्याच्या कोपऱ्यात काळा-पांढरा चौकोन लावून ‘संदर्भांसाठी स्कॅन करा’ लिहिण्याची टूम आहे. सोयीचं आहे, लांबलचक लिंक कुणी वाचत नाही हेही खरं. पण चौकोनाकडे बघून एकही माणूस दिसत नाही. कोड लावा, बाजूला नावं लिहा.

खरं तर नावं गळून पडणं हे काही इंटरनेटने शोधलेलं नाही. निम्म्या विज्ञान-तक्त्यांवर न्यूटनचं ते वचन असतं, राक्षसांच्या खांद्यावर उभा राहून दूरचं पाहिल्याचं. त्याने ते रॉबर्ट हूकला लिहिलेल्या पत्रात वापरलं, १६७५ च्या सुमारास. पण त्याआधी पाचशे वर्षं, ११५९ मध्ये, जॉन ऑफ सॉल्सबरी या इंग्रज विद्वानाने राक्षसांच्या खांद्यावरच्या बुटक्यांची हीच उपमा दिली होती, आणि सोबत सांगितलं होतं की हे फ्रान्समधल्या शार्त्रचे विद्वान बर्नार्ड म्हणायचे. म्हणजे जॉनने नाव दिलं, न्यूटनने दिलं नाही, आणि आज तक्त्यावर न्यूटन आहे. दुसऱ्यांचं ऋण मानणारं वाक्यच बिनश्रेयाचं फिरावं याची गंमत मला दर प्रदर्शनात नव्याने वाटते.

आर्डुइनोचीही तीच कथा, फक्त ताजी. रोबो बनवणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाच्या टेबलावर तो निळा बोर्ड असतो, प्रोग्रॅम भरून मोटारी-दिवे चालवायचा. तो इटलीतल्या इव्रिया गावच्या संस्थेत २००५ च्या सुमारास आकाराला आला. त्याच्या आधी, तिथेच, एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाचं व्यासपीठ तयार केलं होतं आणि आर्डुइनो त्यावरच उभा राहिला. २०१६ मध्ये बारागानने आपली बाजू सविस्तर लिहिली. विद्यार्थ्याचा प्रकल्प होता, लक्षात घ्या. प्रकल्पाच्या टेबलामागे उभ्या असलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण ‘मूळ कर्ता’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर कोणीतरी दाढीवाला शास्त्रज्ञ किंवा मोठी कंपनी येते. प्रत्यक्षात तो त्यांच्याहून चार-सहा वर्षांनी मोठा असा कुणीतरी असतो, जो रात्री आपल्या व्हिडिओखाली कोण काय म्हणतंय ते बघत बसलेला असतो.

मग लिहायचं कसं? मी मुलांना एवढंच सांगते: कुणी केलं, त्याला काय नाव दिलं, कुठे आहे, तू कधी पाहिलंस, आणि त्यातलं काय घेतलंस. तारीख हवी, कारण पानं बदलतात, व्हिडिओ उडतात. जुनं पान हरवलं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये डोकवावं, पुष्कळदा सापडतं. विकिपीडियावरचं चित्र असेल तर त्यावर टिचकी मारली की काढणाऱ्याचं नाव आणि परवाना दोन्ही मिळतात. ‘विकिपीडिया’ एवढं लिहून थांबणं हा निव्वळ आळस. चित्र टाकून चित्र शोधायची सोय आहे, ती वापरून सगळ्यात जुनी प्रत कुठली ते पाहावं. आणि एवढं करूनही माणूस सापडला नाही तर तसं लिहावं: ‘मूळ कर्ता सापडला नाही, अमुक पानावर अमुक तारखेला पाहिलं.’ अशी ओळ असलेल्या तक्त्याला मी मनातल्या मनात जास्तीचा गुण देते. नियमात बसत नाही, पण देते.

नवी अडचण चॅटबॉटची. मुलं आता तिथे विचारतात आणि तिथून आलेल्या उत्तराला आई-बाप नसतात. ‘एआयने सांगितलं’ ही ‘स्रोत: गूगल’चीच पुढची पायरी. त्यातून बॉटला संदर्भ मागितले तर तो कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांची नावं थाटात देतो, लेखक आणि सालासकट. असा एक संदर्भ तक्त्यावर पाहून मी मुलाला म्हटलं, हा लेख मला उघडून दाखव. उघडेना. त्याचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. बॉटची मदत घेतली तर घेतली म्हणून लिहावं, कशासाठी ते लिहावं, आणि त्याने सांगितलेली गोष्ट ज्या खऱ्या पानावर आहे ते पान स्वतः उघडून वाचावं. वाचलं नसेल तर संदर्भ म्हणून लावू नये.

माझ्यासोबत परीक्षण करणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना हे सगळं अति वाटतं. “अहो, लहान लेकरं आहेत, हौसेनं करतात. त्यांच्यामागे संदर्भसूचीचा ससेमिरा लावलात तर ती पुढच्या वर्षी येणारच नाहीत.” यातलं अर्धं मला मान्य आहे. आठ वर्षांच्या मुलाकडून लिंक आणि तारीख मागू नये. त्याला ‘हे तुला कुणी शिकवलं?’ एवढंच विचारावं, तो लगेच सांगतो, लाजत नाही. लाज नंतर शिकवली जाते. आठवी-नववीपुढच्यांना मात्र मी सूट द्यायला तयार नाही. तक्त्यावर जागाच उरली नाही म्हणणाऱ्यांनी शीर्षक लहान करावं.